गुंड्याची हरवलेली बट्टी

चंद्रावर पडायलाही वेळ लागतो. म्हणून यंत्रमानव गुंड्याला ताकाच्या पातेल्यात पडता पडता "अगं आई गं" दोनदा म्हणता आलं. त्याला घडवणाऱ्या केतकीआत्याने त्याला पुसला, सुकवला आणि पुन्हा चालू केला. तिच्या भाचीचा, मृण्मयीचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच गुंड्या म्हणाला, "तुझ्याशी कट्टी!"

"अरे, सोमवारी तुला डबडं म्हटलं म्हणून कट्टी होती. मंगळवारी मी माफी मागितली ना! बट्टी झाली की आपली!"

"मला नाही आठवत," गुंड्याने मान फिरवली.

मृण्मयीला रडूच कोसळलं. चंद्रावरच्या त्या वसाहतीत तिच्याशी खेळायला दुसरं होतं तरी कोण?

"त्याची स्मृती गेली ताकात," आत्या म्हणाली. "ही बॅकअपमधून (राखीव प्रतीतून) भरलीय. रविवारी फुल बॅकअप, म्हणजे अख्खी स्मृती. रोज एवढं साठवायला जागा कुठली? म्हणून इतर दिवशी इन्क्रिमेंटल (वाढीव) बॅकअप. आदल्या प्रतीनंतर जे नवं घडलं, तेवढंच. रविवारवर सोमवार जोडायचा, त्यावर मंगळवार..."

"मग मंगळवार कुठाय?"

आत्याने गुंड्याच्या पोटाचं झाकण उघडलं. आत अजून ताक साचलं होतं, आणि मंगळवारची चिप त्यात डुंबून निकामी झाली होती. आत्याने कपाळावर हात मारला. "मेल्या, कपाटात ठेवायला दिली होती! भांडण पोटात ठेव म्हटलं होतं, चिप नव्हे!"

"बुधवारची चिप लाव ना."

"तिच्यात फक्त बुधवार आहे. मधली कडीच निखळली, पुढची अडकवू कशात? डिफरेन्शियल (फरकाचा) बॅकअप घेतला असता, तर बुधवारच्या प्रतीत रविवारनंतरचं सगळंच आलं असतं. जागा जास्त खातो, पण रविवार आणि बुधवार, दोन चिपांत काम झालं असतं."

"म्हणजे बट्टी मंगळवारच्या चिपेत असती आणि बुधवारच्यासुद्धा!"

"शहाणी माझी बाय! आजपासून तसंच करू. आणि एक प्रत पृथ्वीवर, आजोबांकडे. तिथवर काही आपलं ताक उडत नाही."

मृण्मयीने नाक पुसलं. "गुंड्या, तू डबडं नाहीस. चुकलं माझं."

गुंड्याने बट्टीची दोन बोटं पुढे केली, आणि झटकन मागे घेतली.

"आत्या, आधी बॅकअप चालू कर," तो म्हणाला. "आणि मृण्मयी, तू पुन्हा म्हण. कानात ताक गेलंय."