बॉनेटच्या मध्ये

ही थाप असती तर सगळ्यात आधी मीच हसलो असतो. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय, आणि मामाला खोटं बोलता येत नाही. बोलला की त्याचे कान लाल होतात.

मंगळवार होता. दुपारचे साडेतीन. टायरवाल्याच्या मागच्या गल्लीतलं त्याचं गॅरेज.

गाडी एका डॉक्टरबाईंची. डिझेल. चालता चालता अडखळायची. मिसफायर... म्हणजे चारपैकी एक सिलिंडर काम करत नव्हता. कुठला, तेच सापडेना.

चौथा दिवस होता. बाईंचा सकाळीच फोन आला होता. "उद्या झाली नाही तर मी दुसरीकडे नेते."

मामाची तपासायची पद्धत जुनी. तो बॉनेट उघडून सिलिंडरला डिझेल देणाऱ्या एकेका इंजेक्टरची वायर काढतो. पार्टनर आत बसून आरपीएमचा काटा बघतो. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की काटा पडतो. काढूनही पडला नाही, तर तोच सिलिंडर मेलेला. नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर आवाज सावरून घेतो. कान फसतो, काटा फसत नाही, असं मामाचं म्हणणं.

फक्त दोघांच्या मध्ये उघडं बॉनेट असतं. एकमेकांचं तोंड दिसत नाही.

पार्टनरला सगळे भोंगा म्हणतात. तो कानात कुजबुजला तरी टायरवाल्याला ऐकू जातं. अठरा वर्षं दोघं एका डब्यात जेवतात.

चार दिवस एकच पाढा चालला होता.

"एक?"

"पडला."

"दोन?"

"पडला."

"तीन?"

...

"नाही."

तीनचा इंजेक्टर बदलला. परत तीन. वायर बदलली. परत तीन. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब बघितला, ठणठणीत.

परत तीन...

मामाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. भोंगा गेल्या महिन्यात मोठ्या रस्त्यावर एक शेड बघून आला होता. मामाला बोलला नव्हता. टायरवाल्यानं सांगितलं.

आणि या गाडीत बसला की त्याचा आवाज इतका हळू का यायचा? इंजिनाच्या घरघरीत शब्द तेवढे कळायचे.

हा मुद्दाम चुकीचं सांगतोय. आपलं नाव बुडवायचं आणि गिऱ्हाईकं घेऊन शेडमध्ये जायचं. मामाला राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं.

म्हणून मंगळवारी त्यानं सापळा लावला.

वायरीला हातच लावला नाही. दोन्ही हात खिशात घातले आणि विचारलं,

"दोन?"

इंजिन घरघरत होतं...

"पडला."

मामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तरातरा दारापाशी गेला. "बंद कर गाडी. उतर."

"काय झालं?"

"मी वायर काढलीच नव्हती. मग काटा पडला कसा?"

भोंगा खाली उतरला.

"काढली नव्हतीस... मग 'पडला' म्हणालास कशाला?"

"मी?"

"मग कोण? चार दिवस तूच विचारतोस आणि तूच उत्तर देतोस. मला वाटलं, तुला शेडचं कळलंय. आता तुझा माझ्या डोळ्यांवरही भरवसा राहिला नाही. म्हणून मी गप्प बसलो. अरे, ती शेड मी मेहुण्यासाठी बघत होतो."

मामानं गाडीत डोकावून बघितलं.

"तू... एकदाही बोलला नाहीस?"

"तोंड उघडायच्या आत उत्तर यायचं."

गॅरेजात तिसरं माणूस नव्हतं. रेडिओ बंद होता. दोघांनी गाडीखाली बघितलं. डिकी उघडली. स्टेपनी होती, बाकी काही नाही.

"काटा खरं काय दाखवत होता?"

"पहिल्याच वेळी तुझं उत्तर ऐकलं, मग बघितलंच नाही. तुला कळतंय म्हटल्यावर मी कशाला बघू?"

गाडी तर द्यायची होती. मामानं ठरवलं, आता बोलायचंच नाही. "मी बोटांनी ठोकून नंबर सांगतो. तू फक्त खिडकीतून हात बाहेर काढ. काटा पडला तर हात खाली. नाही पडला तर वर."

भोंगा पुन्हा आत बसला. मामा बॉनेटच्या कडेनं वाकून बघत राहिला.

एक... हात खाली.

दोन...

हात वर.

म्हणजे दोष दोनमध्ये होता. मामानं बाकीचे बघितलेच नाहीत. दोनचा इंजेक्टर बदलला. इंजिन असं चालू लागलं की वर ठेवलेल्या ग्लासातलं पाणीही हलू नये. त्याला हसू फुटलं. छातीवरचं ओझं उतरलं होतं. मित्र गेला नव्हता, नावही राहिलं होतं. माफी मागायला तो दाराशी आला.

काच पूर्ण बंद होती.

भोंगा आत अंग चोरून बसला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. मामानं काच वाजवली तेव्हा त्यानं लॉक उघडलं.

"माफ कर रे," भोंगाच म्हणाला. "हात बाहेर काढायचा धीरच झाला नाही."

...

गाडीची परत तक्रार आली नाही. दोघं अजून एकत्र काम करतात, डबाही एकच. मी भोंग्याला वेगळं गाठून विचारलं. त्यानं तेच सांगितलं, शब्दाचाही फरक नाही.

आता तपासताना ते बॉनेट काढून भिंतीला टेकवून ठेवतात.

मामा मला एकदाच यावर बोलला. "त्या दिवशी तो लबाड निघायला हवा होता रे. मी चार दिवस भांडलो असतो आणि माफ केलं असतं."

त्याचे कान लाल झाले नव्हते.