धोंड्यापुढचा दिवा

रात्रीची जेवणं उरकली की नाशकात टांगा हाकणारे रहेमानचाचा ओट्यावर येऊन बसत आणि गल्लीतली पोरं त्यांच्याभोवती. "ऐकीव नाही हं. घोटीच्या मंगलाबाईनं स्वतः सांगितलंय," ते आधीच बजावत. "सन चौतीस, सर्वपित्री अमावास्या, सोमवार. दिवेलागण."

काम साधंच होतं. सासूनं, धोंडाबाईनं, मंगलाच्या हाती खिरीची वाटी आणि दिवा दिला. धोंडाबाईचा थोरला मुलगा मोतीराम जर्मन लढाईत बसऱ्याला गेला तो परत आलाच नाही. सरकारनं गावाबाहेर रस्त्याकडेला दगड बसवून त्यावर त्याचं नाव कोरलं होतं. दिवा तिथं लावायचा.

"मोतीला खीर लय आवडायची," धोंडाबाई म्हणाली. "आन् रखडलेल्या बारशाचं ठरलं बरं का. बाळाचं नाव मोतीरामच."

मंगलाला ते झोंबलं. सणाची पहिली पोळी मोतीरामची, जित्या नवऱ्याला उरलीसुरली. आता पोरगंही त्याचंच? मेलेल्या दिरावर जळतो आपण, हे सांगायचं तरी कुणाला! तिनं पाच महिन्यांच्या बाळाची तीट आणखी मोठी केली, त्याला कडेवर घेतलं आणि निघाली.

मोतीरामच्या दगडाअलीकडे निंबाखाली एक ओबडधोबड धोंडा होता. सत्तावनच्या बंडात या घरातले दोन भाऊ समोरासमोर उभे राहिले. थोरला बंडवाल्यांत, धाकटा सरकारकडे. धाकट्यानं थोरल्याला धरून दिलं. तो फासावर गेला, त्याचा एवढा धोंडा उरला; धाकट्याला जमीन मिळाली.

"त्या थोरल्याचं नाव घ्यायचीसुद्धा घरात बंदी," चाचा म्हणाले. "पुढं विसरलंच. बसऱ्याला मेला त्याचं नाव परक्या सरकारनं कोरलं, याचं सख्ख्या भावानं पुसलं. परक्याशी झालेली लढाई कधीतरी संपते, पोरांनो. भावाभावांतली घरात राहायला येते."

मंगला धोंड्यापाशी थांबली. दिवा तिथंच ठेवला. खीरही तिथंच ओतली.

"घ्या," ती फणकारली. "तुम्हाला तरी कोण विचारतं? बाळाला तुमचं नाव ठेवीन. त्याचं नाय."

वारा नव्हता. तरी ज्योत वाकली. तिच्याकडे.

मग तिच्या ध्यानात आलं... नाव तिला ठाऊकच नव्हतं. कुणालाच नव्हतं.

ती वळली. चार पावलं टाकली. मागे पाचवं वाजलं.

ती थांबली. तेही.

बाळ तिच्या खांद्यावरून मागे बघत होतं. हसत होतं.

आणि अगदी जवळ... बाळाच्या कानाशी... बारशाला आत्या करते तसं...

"कुर्र..."

पुरुषाचा आवाज. पुढचा शब्द तिला ऐकू आला नाही.

बाळाला आला.

चाचांनी झुरका मारून पाहिला. बिडी विझली होती.

"मग?" पोरांतल्या अन्सारनं विचारलं.

"मग काय, बारसं झालं. सासूपुढं बोलायची तिची छाती झाली नाही. मोतीरामच ठेवलं. परवा भाडं घेऊन घोटीला गेलो, तर पोरगं अंगणात मातीत खेळत होतं. चार वर्षांचं झालंय. पुन्हा लढाई पेटणार, भरती निघणार, असं बाजारात बोलतात ना, तेच मी धोंडाबाईला सांगत होतो. सांज झालेली. मंगलाबाई हाका मारतेय, 'मोती! ए मोती!' पोरगं ढिम्म."

चाचांनी आवाज खाली आणला.

"मग ती दमून गप्प झाली. सगळं गप्प... तेव्हा पोरानं मान वर केली. रस्त्याकडं, त्या निंबाच्या दिशेनं. रस्ता रिकामा. हातातली माती झटकली, उठलं... आणि म्हणालं,

'आलो.'"