आठ अक्षरांची जागा

गिरणी रविवारी बंद असते, म्हणून तळघरातलं जुनं यंत्र रविवारीच काढायचं, असं ठरलं होतं. लोम्बेने सकाळी चौदा महिन्यांच्या कासोंदेला पोटभर पाजलं, चितेंगेच्या कापडाने धाकट्या बहिणीच्या पाठीला बांधून दिलं आणि दोनपर्यंत येते म्हणून तिसऱ्यांदा सांगितलं. बहीण म्हणाली, पहिल्यांदा सांगितलंस तेव्हाच कळलं होतं. तरी किट्वेच्या बसमध्ये बसल्यावर तिला आठवलं, की दारातल्या कोळशाच्या शेगडीबद्दल आपण काही बोललोच नाही. तिने फोन केला. बहिणीने तो उचलला नाही, ते एका परीने बरंच झालं.

गिरणीच्या फाटकाशी बना मुम्बी गोड पिठाचे गोळे तळत होती. मुम्बीची आई म्हणून बना मुम्बी. आमच्याकडे बाई आई झाली की तिचं स्वतःचं नाव पेटीत जातं आणि पोराचं नाव अंगावर येतं. लोम्बेलाही गिरणीत सगळे ‘बना कासोंदे’च म्हणत. पगाराचा कागद सोडला तर ‘लोम्बे’ हे नाव तिने कितीतरी दिवसांत पाहिलंसुद्धा नव्हतं.

“पोरीला नाही आणलंस?” बना मुम्बीने कागदात चार गोळे बांधत विचारलं.

आत फार धूळ असते, लोम्बे म्हणाली.

“त्याच धुळीत आमच्या माणसाने एकतीस वर्षं काढली,” म्हातारी म्हणाली. “अजूनही काढतोच आहे म्हण.”

तिचा नवरा बा चिसेंगा हा तळघरातल्या यंत्रावर बसणारा माणूस; ‘बा’ हे आमच्यात मोठ्या माणसाच्या नावापुढे मानाने लावतात. आठ वर्षांमागे तो तिथेच, त्याच खुर्चीत गेला. त्याची पाळी दुपारी दोनला संपायची, पण पुढच्या पाळीचा माणूस कुणाच्या तरी मयताला गेला होता. जागा घेणारा आल्याशिवाय उठायचं नाही, हा गिरणीचा नियम. बा चिसेंगा एक पाळी थांबला, दुसरी थांबला. तिसरीत लोकांना तो सापडला, पाठ सरळ, हात कळांवर.

आमच्यात माणूस गेला की त्याची जागा रिकामी ठेवत नाहीत. गोतातलं कुणीतरी चटईवर बसतं, पाण्याचा पेला पितं आणि मेलेल्याचं नाव घेतं. मग ते शेंबडं पोर का असेना, विधवा त्यालाच ‘अहो’ म्हणते आणि तिथून पुढे ती सुटते. या जागा घेण्याला ‘प्याना’ म्हणतात. बा चिसेंगाच्या गोतातून कुणी आलंच नाही. त्याच्या गावाहून, कासामाहून, निरोप येत राहिले, की पुढच्या पिकानंतर येऊ. आठ पिकं निघाली. बना मुम्बीच्या मनगटावरचा वैधव्याचा काळा दोरा अजून तसाच होता.

गिरणीतले लोक थट्टेखोर. पाळी बदलण्यालाही ते ‘प्याना’च म्हणत. आलास का रे माझा प्याना करायला, मी अजून मेलो नाही... असं रोजचंच चाले. पूर्वी ते यंत्र बसवायला परदेशातून जो माणूस आला, त्याने विचारलं, पाळी बदलताना पडद्यावर काय लिहू? कुणीतरी हसत तोच शब्द सांगितला. त्याने इमानदारीने तोच घातला.

फोरमन बा कापोत्वे पायऱ्यांशी वाट पाहत होता. रविवार म्हणून त्याच्या अंगात चर्चचा सूट, पण वर गिरणीचा निळा डगला.

“विद्यापीठात पाच वर्षं शिकलीस,” तो जिना उतरता उतरता म्हणाला, “ती ही माझ्या वयाची पेटी भिंतीवरून काढायला. एवढ्यासाठी मला हातोडा पुरला असता.”

लोम्बेलाही अधूनमधून तसंच वाटे. ती हसली आणि त्याला दोन गोळे दिले.

तळघर दोन भल्याथोरल्या कोठारांच्या मधोमध होतं. दोन्ही बाजूंना काँक्रीट, त्यापलीकडे हजारो पोती मका. खिडकी नाही. हवेत कोमट पिठाचा आणि जुन्या तेलाचा वास, जिभेवर साचणारा. भिंतीवर लोखंडी कपाट. त्याच्या आत शेकडो लहान लहान स्विच, आपोआप उघडझाप करणारे. शेजारी हिरव्या अक्षरांचा पडदा, खाली कळा, आणि त्यांच्यापुढे ती खुर्ची. नवं यंत्र बाजूला प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं, सुटकेसएवढं. हे सगळं कपाट त्या सुटकेसमध्ये मावणार होतं.

महिनाभर लोम्बेने जुन्या यंत्राची एकेक आज्ञा उतरवून घेतली होती. आधी पट्टा सुरू करायचा, मग जातं, मग पंखा. सगळ्याला काही अर्थ होता. फक्त एका ओळीचा दळण्याशी काहीच संबंध लागत नव्हता. दर आठ तासांनी यंत्र थांबून नाव विचारायचं आणि नाव मिळेपर्यंत ना पट्टा हलू द्यायचं ना दार. नव्या यंत्रात तिने ती ओळ गाळली. गाळताना दोनदा विचार केला, पण दोनदा विचार तर ती चहात साखर घालतानाही करायची.

दाराचं मात्र ठाऊक होतं. पट्टा चालू असताना कुणी चुकून आत शिरू नये म्हणून ते चुंबकाने धरलेलं असे आणि यंत्राने सांगितल्यावरच सुटे.

“मी वर जाऊन मुख्य वीज तोडतो,” बा कापोत्वे म्हणाला. “पाच मिनिटं. आणि ऐक, बना कासोंदे. हे बंद होताना कधी कधी नाव विचारतं. विचारलंच, तर आपलं नाव लिहून टाक. त्याला जागा घेणारा दिल्याशिवाय ते सोडत नाही.”

लोम्बे म्हणाली, वीज तोडल्यावर ते विचारणार कशाने?

“तेही खरंच,” तो म्हणाला, पण हसला नाही. दार त्याच्यामागे जड आवाजाने लागलं.

थोड्या वेळाने दिवे गेले. पंख्याची घरघर ओसरत ओसरत थांबली. लोम्बेने कपाळावरची विजेरी लावली, तारेत वीज नाही हे मापकाने दोनदा तपासलं आणि कामाला लागली. एकेक तार सोडवायची, चिठ्ठी बांधायची, बाजूला वाकवायची. तासाभरात तिने सगळ्या तारा सोडवल्या. कपाटाला आता बाहेरून काहीही जोडलेलं नव्हतं. बा कापोत्वेची पाच मिनिटं फारच लांबली होती. पलीकडच्या चर्चमध्ये गाणी म्हणायला थांबला असेल, ती मनात म्हणाली.

छाती दाटून आली होती. कासोंदेच्या दुधाची वेळ झालेली. लोम्बे उठली आणि तिने दार ढकललं.

दार हललं नाही.

तिने खांदा लावला. पाय भिंतीला टेकवून ओढलं. दार नव्हे, भिंतच जणू. फोनला तिथे कधीच रेंज नसे. तिने मुठींनी दार ठोठावलं, हाका मारल्या. आवाज काँक्रीटमध्ये असा मुरला, जसं पिठात पाणी. मग ती थांबली आणि त्या थांबण्यात तिला ऐकू आलं.

टक्-टक्... टक्.

तिच्या पाठीमागे, कपाटात.

तिने वळून विजेरीचा झोत टाकला. सोडवलेल्या तारा चिठ्ठ्यांसकट लोंबत होत्या. एक चिठ्ठी हळूच हलत होती. लोखंड थंड होताना वाजतं, तिने स्वतःला सांगितलं. शिकलेल्या माणसाला कारण सापडायला वेळ लागत नाही. कोठारात कुठेतरी मका ओघळल्याचा आवाज आला, लांबलचक, कुणीतरी निःश्वास सोडावा तसा.

टक्-टक्... टक्.

खुर्ची मघाशी कपाटाकडे तोंड करून होती. आता ती दाराकडे वळलेली होती. तिच्या गादीत मधोमध एक खळगा होता आणि लोम्बे पाहत असताना तो हळूहळू भरून वर आला. बसलेला माणूस उठल्यावर येतो, तसा.

“बा चिसेंगा...” तिच्या तोंडून अगदी हळू आलं. “मुक्वाई, हात जोडते... मला जाऊ द्या. घरी लेकरू आहे...”

पडदा उजळला. हिरवा, मंद, खोल पाण्यातून पाहावं तसा. वरच्या ओळीत ‘CHISENGA’. खालच्या ओळीत एकच शब्द, ‘प्याना’, आणि त्यापुढे आठ अक्षरांची रिकामी जागा. तिथे एक हिरवा ठिपका उघडमीट करत होता.

तिने काही केलं नाही. भिंतीला पाठ लावून ती खाली बसली आणि घड्याळ पाहत राहिली. एक वाजला. सव्वा. विजेरी पिवळी पडत चालली. हवा जड झाली, श्वासाबरोबर पीठ आत जाऊ लागलं. क्षणोक्षणी वाटे, की दार आता उघडेल. दीडला तिची छाती आपोआप पाझरू लागली, सदरा ओला झाला, आणि तिला स्पष्ट कळलं, की या घडीला तिकडे कासोंदे रडते आहे. या कळण्यापुढे बाकीची भीती लहान झाली. नावच हवं आहे ना. एक नाव लिहायला काय लागतं?

दोनला पाच कमी असताना ती खुर्चीपाशी गेली. बसली नाही, वाकून उभी राहिली. कळा कोमट होत्या.

आपलं नाव, बा कापोत्वे म्हणाला होता. घाबरलेल्या माणसाचे हात सवयीने चालतात. जे नाव दिवसभर कानावर पडतं, तेच तिने लिहायला घेतलं, आणि ‘BANAKASO’ला जागा संपली. आठच अक्षरं. हे अर्धवट, कुणाचंच नसलेलं नाव त्याने घेतलं नाही तर? अशा घडीलासुद्धा ते चुकीचं लिहिल्याची तिला लाज वाटली. तिने ते खोडलं. सुरुवातीचं ‘बना’ गाळलं की नेमकं बसत होतं. सात अक्षरं, वर एक जागा शिल्लक.

‘KASONDE’.

तिने कळ दाबली. कपाटातले शेकडो स्विच एकाच वेळी वाजले, आणि मग सगळं शांत झालं. चिकटलेली पापणी सुटावी तसा आवाज दाराने केला आणि ते बोटभर उघडलं.

बाहेर बा कापोत्वे आणि दोन पहारेकरी पहारी घेऊन घामाघूम उभे होते. बारापासून ते दार फोडत होते. लोम्बेला एकही घाव ऐकू आला नव्हता.

“वीज नव्हती,” बा कापोत्वे पुन्हा पुन्हा म्हणत होता. “विजेशिवाय चुंबक धरत नाही. या दाराला काहीच धरून नव्हतं.” मग त्याने तिचा हात धरून बाजूला नेलं. “नाव विचारलं?”

ती हो म्हणाली.

“तुझंच लिहिलंस ना?”

“हो, माझंच,” ती म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटत होतं.

घरी कासोंदे जागी होती. रडत नव्हती. बहीण म्हणाली, दुपारभर आक्रोश केला, दोनच्या सुमाराला एकदम गप्प झाली. लोम्बेने तिला उराशी घेतलं आणि सदरा सोडला. पोरीने एकदा पाहिलं, आणि मान वळवली. भूक नसलेलं मूल वळवतं तशी नाही. परक्या बाईसमोर वयस्क माणूस संकोचून वळवतो, तशी.

संध्याकाळी पुन्हा तेच. कोमट लापशी मात्र तिने मुकाट्याने खाल्ली. लोम्बे तिच्या निजलेल्या चेहऱ्याकडे पाहत बसली होती, तेव्हा तिच्या बोटांना आठवलं. एकेक अक्षर, क्रमाने. तिने तोंडावर हात दाबून धरला.

सकाळ होताच पोरीला पाठीशी बांधून ती निघाली. ते यंत्र पुन्हा विचारेल. दर आठ तासांनी विचारतंच. या वेळी ती नीट लिहिणार होती. ‘LOMBE’. पाचच अक्षरं, कितीतरी जागा उरेल.

फाटकाशी बना मुम्बीने तिला पाहिलं आणि झारा कढईत तसाच सोडून ती उठली. लोम्बेकडे नव्हे, ती तिच्या खांद्यामागे पाहत होती. मग ती सत्तरीची बाई धुळीत गुडघ्यांवर बसली, नवरा प्रवासातून आल्यावर आमच्यात बायका बसतात तशी, आणि ओंजळीने हळूहळू टाळ्या वाजवू लागली.

“अहो,” ती म्हणाली. “फार उशीर केलात.”

लोम्बे म्हणाली, ही माझी मुलगी आहे. तिचा आवाज तिलाच नीट ऐकू आला नाही. तिच्या पाठीवरून दोन लहान हात बाहेर आले आणि म्हातारीकडे झाले. बना मुम्बीने मनगटावरचा काळा दोरा दातांनी तोडला आणि पोरीच्या मुठीत दिला.

लोम्बे जिन्याकडे धावली. तळघरात दिवे लख्ख होते. भिंतीवर फिकट चौकोन आणि चार भोकं होती. सुटकेसएवढं नवं यंत्र बिनआवाज चालत होतं. बा कापोत्वे अभिमानाने म्हणाला, तुझ्या चिठ्ठ्या पाहून रात्रीतून सगळ्या तारा जोडल्या, भंगाराचा ट्रक पहाटेच येऊन गेला, पेटी आणि खुर्चीसुद्धा नेली, आता भट्टीत वितळलीही असेल. आणि तिच्याकडे पाहून त्याने विचारलं, की झालं तरी काय?

तिने नव्या पडद्यावर शोधलं. पट्टा होता, जातं होतं, पंखा होता. नाव विचारणारी ओळ कुठेच नव्हती. ती तिनेच गाळली होती.

कासोंदे आता चालते. गुणी आहे, सगळे म्हणतात, कधी म्हणून त्रास देत नाही. दिवसभर इतर मुलांसारखी खेळते. फक्त दुपारी दोनला हातातलं टाकून देते, दाराकडे तोंड करून बसते, पाठ सरळ, हात गुडघ्यांवर. जिभेने टक्-टक्... टक् असा आवाज काढते, आणि वाट पाहते.