अस्तरातला खिसा

नेहमीचं दुकान बंद होतं, म्हणून ती समोरच्या टेलरकडे शिरली. ताईचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं आणि हिच्या ड्रेसचं अजून नुसतं कापडच होतं. दुकानात दोघंच होती, मापं घेणारी आत्या आणि ती वहीत उतरवणारा भाचा.

आत्याची टेप कमरेपाशी अडकली. "हे काय गं, फोन?"

तिचे कान तापले. या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं की चेहरे कसे बदलतात, हे तिला पाठ होतं. एकानं तर जमत आलेलं लग्न त्यावरून मोडलं होतं. "इन्सुलिनचा पंप आहे," ती म्हणाली. "डायबेटीस... माझं स्वादुपिंड लहानपणीच संपावर गेलं, त्याच्या जागी याला कामावर ठेवलंय."

भाच्यानं वहीतून मान वर केली. "सुट्टी तरी देता का बिचाऱ्याला?"

असं कुणी विचारलंच नव्हतं. तिला हसू आवरेना.

पंप कुणालाही दिसता कामा नये, असं तिनं बजावलं आणि त्यानं ते फारच मनावर घेतलं. एका ट्रायलच्या तीन झाल्या. ती आपल्या ग्रंथालयातल्या गमती सांगायची आणि तो तोंडात टाचण्या धरून हसायचा, म्हणून आत्याची बोलणी खायचा. तिसऱ्या ट्रायलला आत्या बटणं आणायला म्हणून गेली, ती तासभर उगवलीच नाही.

ड्रेस सुरेख झाला. अस्तरात पंपासाठी जाड गादीचा खिसा होता आणि त्याची नळी पोटापर्यंत जायला शिवलेली बारीक पोकळ पट्टी. आरशात तिला स्वतःलाही पंप सापडेना.

लग्नाच्या दिवशी दुपारी मात्र तिची तहान भागेना. मळमळायला लागलं. बोटाला टोचून पाहिलं, तर साखर साडेतीनशेच्या वर! त्या घट्ट पट्टीत नळी दुमडली होती आणि इन्सुलिन अंगात जातच नव्हतं. पंपाचा आवाज तिनंच बंद ठेवला होता. तो सकाळपासून थरथरून सांगत होता, पण गादीतून तिला काही जाणवलंच नाही.

ताईच्या ड्रेसची किनार टाचायला तिनंच बोलावलेला भाचा हॉलमागच्या खोलीत आला होता. ती दारात उभी राहिली. "हे उसवा. आत्ताच."

कारण ऐकून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "माझ्यामुळे तुम्हाला—"

"मी सांगितलं तसंच शिवलंत. आधी उसवा."

त्यानं टाके कापले. तिनं पेनसारख्या सिरिंजनं इन्सुलिन टोचून घेतलं, पर्समधून सुईसकट नवी नळी काढली. आता ती पोटावर बसवायची होती. तो सभ्यपणे पाठ फिरवून उभा राहिला. कमरेची चेन उघडताना ती थांबली... लग्न मोडणाऱ्यानंही अशीच एकदा पाठ फिरवली होती, आणि मग कायमचीच. तिला फार भीती वाटली. तरी ती म्हणाली, "बघा."

तो वळला. सुई आत गेली, तिनं ओठ चावला, चिकटपट्टी दाबून बसवली. तो सगळं नीट पाहत होता.

"दुखतं?"

"थोडं... सवय झालीये."

"हे लपवावं असं मला कधीच वाटलं नाही," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला हवं होतं, म्हणून जीव ओतून लपवलं. पंपाला काय लागतं, ते मात्र विचारलंच नाही."

तिनं पंप ड्रेसवर, कमरेच्या पट्ट्याला बाहेरून अडकवला. बाहेर ताई फोटोसाठी हाका मारत होती.

"ही नळी किती दिवस चालते?" त्यानं विचारलं.

"दर तीन दिवसांनी बदलायची. जन्मभर."

त्यानं मान डोलावली. "मग... दर तीन दिवसांनी मी आलो तर चालेल?"

तिचे डोळे भरून आले. "आधी फोटोला चल," ती म्हणाली आणि त्याचा हात धरून बाहेर निघाली.