भरल्या श्वासाची फट

गिअरबॉक्स जोडताना सगळ्यात नाजूक काम असतं फटीचं. शाफ्टवर गिअर ओवले, की गिअर आणि शेजारची चकती यांच्यात केसभर जागा सोडायची. कमी सोडली तर गिअर घासतो, तापतो, रडतो. जास्त सोडली तर डुलतो आणि भर रस्त्यात निसटतो. मोजायला पोलादाच्या पातळ पत्त्यांचा जुडगा असतो. बाबा म्हणतात, झोपलेल्या माणसाच्या हाताखालून वहीचं पान ओढावं, तशी पत्ती सरकली पाहिजे. अडली पाहिजे, पण अडकता कामा नये.

हे मला लहानपणापासून पाठ आहे. करू मात्र कुणी देत नव्हतं.

बाबांची बोटं आताशा बधिर झाली आहेत. पत्ती हातात आहे की नाही, हेसुद्धा त्यांना बघून ठरवावं लागतं. म्हणून धाकट्या काकांच्या डोक्यात आलं की आमच्या गॅरेजमधलं गिअरबॉक्सचं टेबल काढायचं आणि तिथे गाड्या धुवायचं मशीन बसवायचं. म्हणजे मी शाळेतून येऊन काय करायचं? नळी धरायची? मी भांडले. दणकून भांडले. शेवटी बाबा म्हणाले, "भोंगेमामांच्या व्हॅनचा बॉक्स ही एकटी बांधेल. तिसरा गिअर रडला नाही, तर टेबल हिचं. रडला, तर मशीन आणा."

भोंगेमामा म्हणजे शाळेच्या व्हॅनचे ड्रायव्हर. आवाज असा, की गाडीला हॉर्नची गरज नाही. त्यांचा तिसरा गिअर कधीपासून रडत होता. काकांनी दोनदा खोलून बांधला, दोन्ही वेळा पुन्हा रडला.

"करा मॅडम," काका म्हणाले. "भूमितीत काठावर पास होणारी आता केसभर फट मोजणार."

"फट मोजते काका. केस तुमचे मोजते हवं तर, लगेच होतील."

बाबांना खोकला आला. खोटा होता.

रविवारी दुपारी मी कामाला बसले. छताच्या प्लास्टिकच्या पत्र्यातून टेबलावर पिवळट उजेड पडला होता. धुतलेले गिअर फडक्यावर ओळीने मांडले होते. तिसरा गिअर चढवला, चकती लावली, पत्ती घातली. सरकली! अगदी हवी तशी अडून. शीळच घालणार होते. खात्री करावी म्हणून पुन्हा घातली.

आत जाईना.

घाण असेल. पेट्रोलने धुतलं, पुसलं. आता पत्ती इतकी सैल गेली, की पलीकडे पडायची बाकी होती. बेअरिंग तपासलं. ठीक. पत्ती बदलली. कधी आवळ, कधी सैल. मग ती फटीतच ठेवून मी हात काढून घेतला आणि नुसती बघत राहिले.

पत्तीचं मोकळं टोक सावकाश वर आलं. सावकाश खाली गेलं.

पंखा बंद होता. रस्त्यावर गाडी नव्हती. टेबलावर तळवा टेकवून पाहिला, टेबल गप्प होतं.

"बाबा, जरा बघता?"

त्यांनी पत्ती चिमटीत धरली आणि मान हलवली. "मला काय लागणार, बाळा? तुला काय लागतंय ते सांग."

"फट लहानमोठी होतेय."

"झाल्या सबबी सुरू!" खुर्चीतून काका म्हणाले.

मी पत्ती धरून डोळे मिटले.

आवळली.

थांबली.

सुटली.

हे मला माहीत होतं! आई घरी शिवणकाम करते आणि मापाला टेपचं दुसरं टोक मी धरते. बायका पोट आत घेऊन उभ्या राहतात, तेव्हा आई म्हणते, "श्वास भरून घ्या. माप भरल्या श्वासाचं. नाहीतर कपडा घरी जाऊन उसवेल."

काकांनी दोन्ही वेळा श्वास सुटल्यावर माप घेतलं होतं. रडेल नाही तर काय! छातीलाच आवळत होतं.

कुणाच्या, ते मी स्वतःला विचारलं नाही. भीती वाटलीच, खोटं कशाला सांगू? पण पत्ती सोडवतही नव्हती. अख्ख्या गॅरेजमध्ये हे एकट्या मला कळलं होतं.

किंचित पातळ चकती लावली. पत्ती घातली.

"घे," मी हळूच म्हणाले. "पूर्ण घे."

आवळली.

थांबली.

त्या थांबलेल्या क्षणात पत्ती सरकली. अडून. न अडकता.

जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलांना आणायच्या आधी, भोंगेमामांनी व्हॅन रस्त्यावर काढली. पहिला. दुसरा. तिसरा. आवाज नाही! काका मागच्या सीटवर कान लावून बसले होते. पुन्हा टाकायला लावला. तरीही नाही.

"नशीब," काका म्हणाले.

"माप," मी म्हणाले.

बाबांनी खांद्यावरचं फडकं माझ्या खांद्यावर टाकलं. "जा, टेबल पूस. स्वतःचं टेबल घाण ठेवू नये." मी गॅरेजभर अशी नाचले, की काकांनाही हसावं लागलं. शाळेत दिवसभर पाय जमिनीला लागले नाहीत.

संध्याकाळी भोंगेमामा आले. आल्या आल्या माझ्या डोक्यावर हात ठेवला. बोलले, तेही चक्क कुजबुजत.

"पोरी, गाडीचा पाळणा केलास. रोज बोंबलणारी पोरं आज सगळी झोपली. आरशात बघतो तर काय, छात्या एकदम वर, जरा थांबून, एकदम खाली. कवायतच! उठवायचं जिवावर आलं."

काका हसले. बाबा हसले. मीही हसायला तोंड उघडलं, पण हसू बाहेर येईना. मी श्वास भरून घेतला होता आणि तो तसाच थांबला होता.

काकांचा थांबला होता. बाबांचा. भोंगेमामांचाही. बाहेर व्हॅन बंद उभी होती.

मग आम्ही चौघांनी तो एकदम सोडला.