कासवाने न मोजलेला मुलगा

शाळेच्या पटांगणात सगळं गाव जमलं होतं. कासव पायरीवर चढून अहवाल वाचत होतं.

"खारवणे गाव. अणुऊर्जा केंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत. गेल्या दहा वर्षांत ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झालेली मुलं, शून्य."

चार जणांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणाची तरी नजर भार्गवीकडे गेली आणि टाळ्या विरून गेल्या.

भार्गवीचा भाऊ निहार पाच वर्षांचा होता. पावसाळ्यापासून तो खाटेवरच होता. त्याच्या डोक्यावर आता एकही केस उरला नव्हता. त्याला ल्युकेमियाच झाला होता, आणि औषधं हवी तशी लागू पडत नव्हती, हे साऱ्या गावाला माहीत होतं. मग शून्य कसं?

कासव हा गणना करणारा यंत्रमानव होता. पाठीवर ऊन गोळा करणाऱ्या काचांचा घुमट आणि जन्मजात संथ चाल, म्हणून मुलांनी त्याला हे नाव दिलं होतं. खाडीपलीकडे केंद्राचे दोन पांढरे घुमट दिसत. तिथे अणू फोडून वीज करतात. अणू फुटताना किरणोत्सार (डोळ्यांना न दिसणारी, अंगात शिरणारी ऊर्जा) निघतो. तो जाड भिंतींच्या आत कोंडलेला असतो. तरी आसपासच्या माणसांना काही होतं का, हे तपासायला कासव दारोदार फिरे.

भार्गवी घराकडे धावत सुटली. शून्य हा आकडा तिला हवाच होता. निहार आजारी पडल्यावर शेजारच्या कुसुमकाकू आईला म्हणाल्या होत्या, "सातवा लागेपर्यंत इथेच बसलीस. वेळेवर माहेरी गेली असतीस, तर पोटातलं पोर तरी लांब राहिलं असतं." त्या दिवसापासून आई कामापुरतंच बोलत होती. रांधायची, निहारला भरवायची आणि स्वतःचं ताट तसंच झाकून ठेवायची.

गावात एकाही मुलाला हा आजार नसेल, तर केंद्राचा दोष नाही. आणि केंद्राचा नसेल, तर आईचाही नाही. पण निहार तर होता.

पडवीत आजोबा पुस्तकात नाक खुपसून बसले होते. ते आईचे वडील, कोल्हापूरचे. साथरोगशास्त्र (आजार कुणाला, कुठे, किती होतात हे मोजणारं शास्त्र) हा त्यांचा विषय. निहारसाठी ते इथे येऊन राहिले होते.

"आजोबा, कासव खोटं बोलतंय."

"खोटं बोलायला त्याला कुणी शिकवलेलं नाही," आजोबा म्हणाले. "चुकायला मात्र आपणच शिकवतो."

बऱ्याच वेळाने तिच्यामागून निघालेलं कासवही फाटकातून आत आलं. "ताई, तुम्ही फार पळता. तुमची तक्रार काय आहे?"

"निहार कुठे आहे, ते सांग."

"निहार. जन्म कोल्हापूरचा. त्याची गणना कोल्हापुरात केली आहे."

"अरे, तो इथे राहतो. पलीकडच्या खोलीत झोपलाय."

"नियम जन्मगावाचा आहे. तुम्हीही कोल्हापूरच्याच, ताई. या गावात तुम्ही नाहीच."

आजोबांनी पुस्तक मिटलं.

"बाळंतपण माहेरी," ते पुटपुटले. "गावातल्या किती सुना माहेरी जातात. तिकडे बाळंत होतात आणि महिना-दीड महिन्याचं मूल घेऊन परत येतात. ती सगळी मुलं कासवाच्या लेखी परगावची. ही गणना आखताना हा नियम मीच केला, भार्गवी. जन्माची नोंद चटकन सापडते म्हणून. आणि हा पोरगा तर माझ्याच घरात जन्मला."

त्यांनी कासवाला सांगितलं, "गेल्या दहा वर्षांत आजारी पडलेली मुलं पुन्हा बघ. पण जन्म सोडून राहतं घर धर."

कासवाच्या घुमटाखाली हिरवा दिवा लुकलुकला. "निहार धरून दोन," ते म्हणालं. "एवढ्या मुलांमध्ये अपेक्षित एक."

"अपेक्षित म्हणजे?" भार्गवीने विचारलं.

"हा आजार केंद्र नसलेल्या गावांतही होतो. तिथल्या प्रमाणाने इथे एक मूल आजारी पडलं असतं. झाली दोन."

भार्गवीने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "आजोबा, चूक तशीच राहू दे. आईला आपण शून्यच सांगू."

आजोबांनी लगेच नाही म्हटलं नाही. आत त्यांचीच मुलगी होती. मग ते उठले. त्यांनी कोपऱ्यातला छोटा पंखा फरशीवर ठेवला आणि कुरमुऱ्यांची पिशवी आणली.

"पाठ कर. कानांत बोटं घाल. मी दोनदा मूठभर कुरमुरे उधळणार. एकदा पंखा बंद, एकदा अगदी मंद चालू. कधी चालू होता, ते तू ओळखायचं."

ती वळली तेव्हा पहिल्या मुठीचे कुरमुरे फरशीच्या चौकटींवर कसेही पांगले होते. एका चौकटीत मात्र ढीग होता. आजोबांनी ते झाडले, तिला पुन्हा पाठ करायला लावली आणि दुसरी मूठ उधळली.

"पहिल्यांदा चालू होता," भार्गवी म्हणाली. "त्या ढिगावरून कळलं."

"बंद होता. ढीग आपोआपच पडला. त्याला योगायोग म्हणतात. सगळ्या चौकटींत सारखे कुरमुरे कधीच पडत नाहीत. आणि दुसऱ्यांदा पंखा चालू होता, ते तुला कळलंच नाही."

आतून निहारचा बारीक आवाज आला. "मला पण कुरमुरे."

"बाहेरचं खायचं नाही ना, राजा," आजोबा म्हणाले. "आणि हे खाली सांडलेत."

"मग सांडता कशाला?"

आजोबांनी मंद पंख्यासमोर उरलेली सगळी पिशवी रिकामी केली. या वेळी भार्गवीला दिसलं. पंख्यापासून लांबच्या चौकटी जराशा जास्त भरल्या होत्या. फरक थोडाच होता, पण होता.

"मूठभरात वारा दिसत नाही, पिशवीभरात दिसतो," ती सावकाश म्हणाली.

"आपलं गाव म्हणजे मूठभर. एकाच्या जागी दोन झाले, ते केंद्रामुळे की योगायोगाने, हे इथे बसून कळायचं नाही. त्याला पुष्कळ गावं लागतात, पुष्कळ वर्षं लागतात. काही देशांत केंद्रांजवळच्या मुलांत हा आजार थोडा जास्त आढळला, काही देशांत नाही. जिथे आढळला, तिथेही कारण नक्की सापडलेलं नाही. वारा आहे की नाही, हेच अजून शोधायचं आहे." आजोबांनी खाली वाकून एक कुरमुरा उचलला. "आणि समज, वारा आहे हे सिद्ध झालं. तर हा एक दाणा वाऱ्याने इथे आणला की माझ्या हाताने?"

भार्गवीने तो तळहातावर घेतला. उलटसुलट करून पाहिला. "ते कसं सांगणार?"

"नाही सांगता येत."

"म्हणजे निहारचं कधीच कळणार नाही."

"नाही."

"तुम्ही एवढी पुस्तकं वाचलीत, तरी?"

"तरी," आजोबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

भार्गवी फरशीवर बसून राहिली. शून्य खोटं होतं. दोन खरं होतं, पण दोनमधून आईचा दोष निघत नव्हता, सुटकाही निघत नव्हती. आईला सांगण्याजोगं काहीच हाती उरलं नव्हतं.

"नवा नियम लावायचा, तर तो सगळ्याच गावांना लावायला हवा," आजोबा कासवाला म्हणाले. "जवळच्या आणि लांबच्याही. नाहीतर आपल्याला हवा तसा आकडा काढल्यासारखं होईल. गरोदरपणात आई कुठे होती, मूल कुठे वाढलं, हे घरोघर विचार."

"पहिलं घर?" कासवाने विचारलं.

दारात आई उभी होती. ती केव्हापासून ऐकत होती, कोण जाणे.

"विचार," ती म्हणाली.

"निहारच्या वेळी गरोदरपणात तुम्ही कुठे होतात?"

आईचा हात चौकटीवर घट्ट झाला. "डोहाळजेवण होईपर्यंत इथेच. बाबा लवकर ये म्हणत होते. मला घर सोडवेना. सातव्यात गेले कोल्हापूरला."

कासवाने नोंद केली. आईने भार्गवीकडे पाहिलं. "तू ऐकलंस ना सगळं? मग सांग. माझ्यामुळे झालं का?"

भार्गवीला 'नाही' म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला होता.

"माहीत नाही, आई," ती म्हणाली. "कुणालाच माहीत नाही. कुसुमकाकूंनाही नाही."

आत निहार खोकला, तशी आई वळली आणि पुन्हा थांबली.

"हे मोजून माझ्या निहारला काही मिळेल का?"

"नाही," भार्गवी म्हणाली. "पुढे कधीतरी, जी मुलं अजून जन्मलेलीच नाहीत, त्यांना मिळेल."

आईने पदराने डोळे पुसले नाहीत. ती दारातच खाली बसली, कासवाच्या उंचीला आली.

"विचार पुढचा प्रश्न," ती म्हणाली.