बरोबर रिमोटने उघडलेलं दार

शर्वाणीने फाटक ढकललं आणि ती जागच्या जागी थिजली. घराचं दार सताड उघडं होतं.

"आई, दार लावलं होतं ना आपण?"

उज्ज्वलाताईंनी वर पाहिलं मात्र, त्यांच्या हातातली भाजीची पिशवी सुटली. टमाटे अंगणभर गडगडले. ते उचलायचं दोघींपैकी कोणालाच सुचलं नाही. दोघी धावतच आत गेल्या.

पुढची खोली जशीच्या तशी होती. कपाट बंद होतं. पण मागच्या खोलीतल्या थंड कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं आणि त्यातून गार वाफ बाहेर येत होती. त्या कपाटात साकोलीच्या आसपासच्या तलावकाठच्या गावांतून गोळा केलेली धानाची बियाणी होती, एकशे चाळीस जातींची. उज्ज्वलाताई हटवार यांनी अठरा वर्षं शेतं पालथी घालून ती जमवली होती. तिसऱ्या फळीवर एका डब्याची जागा रिकामी होती.

"जांभळी मोगरी," आई पुटपुटली आणि तिथेच खाली बसली.

जांभळी मोगरी पेरणारे शेवटचे म्हातारबाबा तीन वर्षांपूर्वी वारले होते. त्यानंतर हे बियाणं जगात फक्त त्या एका डब्यात उरलं होतं.

शर्वाणी भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीकडे वळली. बारा दिवसांपूर्वीच घरात बिनतारी सुरक्षा यंत्रणा (तारा न जोडता हवेतून संदेश पाठवणारी राखण) बसवली होती. दाराला आणि खिडक्यांना संवेदक (काही हललं की लगेच कळवणारे छोटे तुकडे) लावले होते. दाराचं कुलूपही तिलाच जोडलं होतं.

"घंटा का नाही वाजली?" तिने पेटीला ओरडून विचारलं.

पेटी गोड आवाजात म्हणाली, "दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी सुरक्षा बंद करण्यात आली. बरोबर रिमोटने. आपला दिवस आनंदात जावो!"

शर्वाणीचा हात आपोआप खिशात गेला. रिमोट तिथेच होता. तीन वाजून बारा मिनिटांनी ती बाजारात आईच्या शेजारी उभी होती, आणि तेव्हाही तो याच खिशात होता. तिने तो बाहेर काढून उलटसुलट करून पाहिला.

ही यंत्रणा तिनेच पसंत केली होती. शेजारच्या गावात बियाण्याच्या दोन चोऱ्या झाल्यावर आई म्हणाली होती, "घरात राखण बसवू. तू अकरा वर्षांची झालीस, तूच निवड." शर्वाणीने ही निवडली, कारण हिच्या घंटीचे बावीस आवाज होते आणि रिमोट निळ्या खंड्या पक्ष्याच्या आकाराचा होता. बारा दिवसांत तिने येईल त्याला तो दाबून दाखवला होता.

चौकशीला आलेल्या हवालदार बाईंनी पेटीतली नोंद दोनदा वाचली. "ताई, कुलूप तोडलेलं नाही, खिडकी फोडलेली नाही. तुमच्याच रिमोटने उघडलंय." मग त्यांनी शर्वाणीकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण पाहिलं. "घरातल्या कोणी..."

"माझ्या मुलीने काही केलेलं नाही," आई ताडकन म्हणाली.

शर्वाणीला रडूही येईना.

दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून हाक आली. "शर्वाणी, इकडे ये. तो तुझा पक्षी घेऊन ये."

हाक दमयंती लांजेवारांची होती. गावभर त्यांना दमूआजी म्हणत. पस्तीस वर्षं त्यांनी उपग्रहांशी बोलणारी यंत्रं बांधली होती आणि निवृत्त होऊन सन २०५६ मध्ये त्या साकोलीला राहायला आल्या होत्या. त्यांच्या ओसरीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. डब्यातून हातभर तार बाहेर आली होती.

"इथूनच तुमच्या दाराकडे बघून रिमोट दाब."

शर्वाणीने दाबलं. कुंपणापलीकडे कुलूप खट्ट वाजून उघडलं.

"आता बंद कर. झालं? आता रिमोट मुठीत घट्ट धर आणि दाराकडे बघ."

दमूआजींनी डब्यावरचं बटण दाबलं. पलीकडे पुन्हा खट्ट झालं आणि पेटीचा गोड आवाज आला, "सुरक्षा बंद. बरोबर रिमोटने."

शर्वाणीच्या हातातून रिमोट खालीच पडला. "आजी! तुम्ही... तुम्हाला कसं आलं हे?"

"मला काहीच येत नाही बाप्पा! या डब्यालाही काही येत नाही. त्याने फक्त ऐकलं आणि तेच परत म्हणून दाखवलं." दमूआजींनी तिला शेजारी बसवलं. "नीट ऐक. तू बटण दाबलंस की रिमोटमधून रेडिओ लहरी (डोळ्यांना न दिसणाऱ्या, भिंतीतूनही पार जाणाऱ्या लहरी) निघतात. त्या काही फक्त पेटीकडे जात नाहीत. चहूकडे पसरतात, माझ्या ओसरीवर येतात, रस्त्यावरही जातात. तुझा पक्षी हवेत ओरडून एक परवलीचा शब्द सांगतो. कोणता?"

"मला काय माहीत?"

"मलाही नाही. पण तो रोज तोच असतो. काल तोच, आज तोच, उद्याही तोच. चोराला त्याचा अर्थ कळायची गरजच नाही. एकदा टिपून घेतला की झालं."

शर्वाणीचं तोंड उघडंच राहिलं. ती त्या बारा दिवसांतले प्रसंग आठवू लागली. दूधवाल्याला दाखवला, मैत्रिणींना दाखवला, आईचा जुना विद्यार्थी परागदादा याला तर पाच वेळा दाखवला. परागदादा दर गुरुवारी बियाण्यांच्या नोंदी लिहायला यायचा. त्यानेच तिला सायकल शिकवली होती.

"म्हणजे माझ्यामुळे गेलं बियाणं," ती कशीबशी म्हणाली. "मीच सारखं दाबत होते."

"काहून? तुझ्यामुळे कसं? रिमोट दाबायसाठीच असतो. वापरल्याने जे कुलूप फुटतं, ते बनवणाऱ्याचं पाप. तुझं नाही." दमूआजींनी खाली पडलेला रिमोट उचलून तिच्या हातात दिला. "पण पुढचं तू निवडताना काय विचारायचं, ते आता शिकून घे. जा, आईला बोलाव."

आई आली. चोरीपासून ती फारशी बोलत नव्हती. दमूआजींनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मग शर्वाणीला म्हणाल्या, "तू चोर. मी पेटी, आई रिमोट. आमच्या दोघींत एक गुपित आकडा आहे. तू फक्त ऐकायचं. उज्ज्वला, बारा!"

"चौऱ्याऐंशी," आई म्हणाली.

"बरोबर, दार उघडलं. आता चोर दाराशी आलाय. तीस!"

शर्वाणीने ऐकलेलंच सांगितलं, "चौऱ्याऐंशी."

"चूक! खरं उत्तर काय होतं?"

"दोनशे दहा," आई म्हणाली.

"बघ. पेटी दर वेळी नवा प्रश्न विचारते. जुनं उत्तर टिपून काय उपयोग? याला म्हणतात आव्हान आणि उत्तर (दर वेळी नवा प्रश्न विचारून ओळख पटवण्याची रीत). गुपित आकडा आमच्या तोंडून एकदाही बाहेर पडला नाही, तरी तो आमच्याकडे आहे हे सिद्ध झालं."

शर्वाणी मात्र बोटांवर काहीतरी मोजत होती. एकदम ती ओरडली, "सात! गुपित आकडा सात आहे! बाराला साताने गुणलं की चौऱ्याऐंशी!"

दोन दिवसांत पहिल्यांदा आई हसली. दमूआजींनी तर मांडीवर थाप मारली. "पकडलंस! म्हणून खऱ्या यंत्रात साधा गुणाकार चालत नाही. तिथे एकदिशा गणित असतं (पुढे जायला सोपं, उलट फिरायला जवळजवळ अशक्य असं गणित). घरी तांदूळ दळतेस ना? तांदूळ टाकले की पीठ होतं. त्या पिठाचे परत दाणे करून दाखव बरं."

"कसे होतील?"

"नाही होत. रिमोट प्रश्न आणि गुपित एकत्र दळतो आणि पीठ पाठवतो. पेटीकडे तोच प्रश्न आणि तेच गुपित असतं. तीही आपल्या जात्यात दळते आणि दोन्ही पिठं ताडून बघते. चोराने प्रश्न ऐकला, पीठही पाहिलं, तरी गुपिताचा दाणा त्याच्या हाती लागत नाही. आणि गुपितही सातासारखं एक अंकी नसतं, चांगलं एकोणचाळीस अंकी असतं."

संध्याकाळी शर्वाणीने हातातल्या मनगटपट्टीवरून फोन लावून तीन दुकानदारांना गाठलं. एकच प्रश्न विचारायचा, असं तिने ठरवलं होतं. "तुमचा रिमोट दर वेळी तोच संदेश पाठवतो का?"

पहिल्याने घंटीचे आवाज ऐकवायला सुरुवात केली. दुसरा म्हणाला, "हे कोणी विचारत नाही हो." तिसरी एक बाई होती. ती म्हणाली, "नाही. आमची पेटी आधी प्रश्न विचारते. पण रिमोट दिसायला अगदी साधा आहे, चालेल?"

"चालेल," शर्वाणी म्हणाली.

बुधवारी तिघींनी मिळून यंत्रणा बसवली. पेटी आधी लोखंडी कपाटामागे ठेवली, तर मागच्या दाराचा संवेदक पोचेचना. धातू रेडिओ लहरी अडवतो, हे शर्वाणीला तेव्हा कळलं. मग पेटी घराच्या मधोमध, उंचावर आली. संवेदकाचा एक तुकडा चौकटीवर, त्याच्या जोडीचा चुंबक दारावर, दोघांत बोटभरही अंतर नाही. रिमोट पेटीला टेकवून गुपित आकडा एकदाच त्यात भरला. मग शर्वाणीने एकेक दार, एकेक खिडकी उघडून पाहिली. प्रत्येक वेळी घंटा कानठळ्या बसवत वाजली.

गुरुवारी परागदादा आला. चोरीबद्दल ऐकल्यापासून तो मान खाली घालूनच बोलत होता. नोंदी लिहून झाल्यावर तो पायरीवर बसून चपला घालत असताना आईने नवा रिमोट दाबून दार लावलं आणि ती शर्वाणीला घेऊन ग्रंथालयात गेली.

शनिवारी सकाळी दोघी दमूआजींकडे पोहे खात होत्या. अचानक कुंपणापलीकडे घंटा कडाडली. शर्वाणीची मनगटपट्टी थरथरली. तिने वाचलं आणि बशी खाली ठेवली.

'दाराशी कोणीतरी उत्तर दिलं. ते आत्ताच्या प्रश्नाचं नाही. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी विचारलेल्या प्रश्नाचं आहे. दार उघडलेलं नाही.'

गुरुवार, पाच चाळीस. आई, ती स्वतः, आणि पायरीवर चपला घालणारा...

"नाही," ती म्हणाली. "नाही, नाही!"

आई आणि दमूआजी धावत सुटल्या होत्या. शर्वाणी मागून चालत निघाली. ती फाटकाशी पोचली तेव्हा परागदादा दारासमोर उभा होता. पळाला नव्हता. त्याच्या एका हातात तार बाहेर आलेली काळी डबी होती. दुसऱ्या हातात बियाण्याचा डबा होता, छातीशी धरलेला.

आई पायरीशीच थबकली. "पराग? तू?"

"मॅडम, मी... मी परत ठेवायला आलो होतो." त्याने डबा पुढे केला. "एका कंपनीने सांगितलं, हे वाण आणून दे, नोकरी देतो. त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि मागे फिरलो. गुपचूप जागेवर ठेवावं, कोणाला कळू नये, असं वाटलं."

आईने डबा हातात घेतला. झाकणावरची लाखेची मोहर तिने नखाने चाचपून पाहिली. ती शाबूत होती. घंटा वाजतच होती. शेवटी दमूआजींनी ती बंद केली.

"पोलिसांत तक्रार दिलेली आहे," आई हळूच म्हणाली. "ती मी मागे घेणार नाही. त्यांनी माझ्या मुलीकडे बोट दाखवलं होतं, पराग. पण तू स्वतःहून परत आणलंस, तेही मी लिहून देईन. चल, मी येते सोबत."

परागदादाने शर्वाणीकडे पाहिलं. तिला खूप काही विचारायचं होतं. तिने एवढंच विचारलं, "मी रिमोट दाखवत होते, तेव्हाच टिपलंस?"

त्याने होकारार्थी मान हलवली. शर्वाणी घरात निघून गेली.

जूनमध्ये जांभळी मोगरी पाच वेगवेगळ्या गावांत पेरली गेली. एकाच डब्यावर सगळं अवलंबून ठेवायचं नाही, असं आईने ठरवलं होतं. रोपं बोटभर वर आली त्या सकाळी दमूआजी बांधावर बसून शर्वाणीला सांगत होत्या की त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेतली माणसं आता मंगळावर पहिली वस्ती उभारत आहेत. तिथल्या दारांनाही अशीच कुलपं लागतील, पृथ्वीवरून उघडता येणारी.

"आजी," शर्वाणी विचार करत म्हणाली, "मंगळावरून प्रश्न इथे यायला कधी कधी वीस मिनिटं लागतात ना? आणि उत्तर जायला आणखी वीस. मग दार उघडायला माणूस चाळीस मिनिटं बाहेर उभा राहणार?"

दमूआजींनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे प्रश्न न विचारताच, दर वेळी नवं उत्तर द्यायला हवं," शर्वाणी पुढे म्हणाली. "पण दोघांना कसं कळणार, की आज कितवं उत्तर आहे ते?"

"उपाय आहेत. पण मी सांगणार नाही," दमूआजी म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून वही आणि पेन्सिल काढून तिच्या मांडीवर ठेवली. "आधी तुझी तू शोध."

शर्वाणीने वही उघडली आणि चिखलाच्या बोटांनीच पहिल्या पानावर दोन चौकोन काढले. एकावर लिहिलं पृथ्वी, दुसऱ्यावर मंगळ.